हांक आणि ओ

गिरगांवांतल्या चाळींत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस हांक मारणें आणि ओ देणें या दोन क्रिया कोणी शिकवाव्या लागत नाहींत. चौकांत उभें राहून तिसऱ्या माळ्यावरच्या मनुष्यास हांक मारावी; तो असेल तर कठड्याशीं येऊन ओ देतो, नसेल तर देत नाहीं, इतका हा साधा व्यवहार. परंतु चाळींतील प्रत्येक जाणता मनुष्य हेंही ओळखून असतो कीं, ओ आली नाहीं एवढ्यावरून मनुष्य घरीं नाहीं असें ठरत नाहीं. तो मोरींत असेल, झोंपला असेल, किंवा हांक मारणारा उधारी मागावयास आला आहे हें आवाजावरून ओळखून मुद्दाम गप्प बसला असेल. आणि ओ आली म्हणून तो घरीं आहे असेंही सिद्ध होत नाहीं. कारण पुष्कळदां ओ देतात त्या शेजारच्या खोलींतल्या बाई, आणि त्याही 'ते घरीं नाहींत' एवढें सांगण्यापुरतीच!

आजकाल घराघरांतून जीं यंत्रें परस्परांशीं बोलतात, त्यांच्यांतही हांक मारण्याची एक सोय आहे. तिला पिंग म्हणतात. ज्या वाचकांचा या शब्दाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या संगणकानें दुसऱ्या संगणकाच्या नांवें एक लहानशी चिठ्ठी धाडावयाची. तिच्यावर 'मिळतांच परत धाड' एवढीच आज्ञा. ती परत आली कीं जाण्यायेण्यास किती वेळ लागला तें मोजावयाचें, आणि न आल्यास गहाळ म्हणून मांडावयाचें. या चिठ्ठीचे नियम जॉन पोस्टेल यानें सप्टेंबर १९८१ मध्यें लिहून प्रसिद्ध केले. पण ती धाडण्याचें सुटसुटीत साधन बनविलें तें अमेरिकन लष्कराच्या एका संशोधनशाळेंतील माइक मूस या गृहस्थानें, डिसेंबर १९८३ मध्यें. जाळ्यांत कांहीं बिघाड दिसत होता, त्याचा माग काढण्यासाठीं त्यानें एका रात्रींत तें लिहून काढलें. समुद्रांत पाणबुडीचा शोध करितांना जहाजावरून ध्वनि सोडतात व त्याचा प्रतिध्वनि ऐकतात. त्या ध्वनीवरून त्यानें आपल्या साधनाचें नांव पिंग असें ठेविलें. हेंच आपलें सर्वांत प्रसिद्ध काम ठरणार हें आधीं ठाऊक असतें तर आणखी एक-दोन दिवस त्यावर खर्चिले असते, असें त्यानें पुढें विनोदानें लिहिलें आहे. २००० सालीं तो मोटारीच्या अपघातांत वारला. त्याच्या साधनाची एक गोष्ट मोठी मौजेची आहे. कोणा एकाच्या इमारतींत तार कोठें तरी सुटली होती. त्यानें प्रत्येक प्रतिसादासरशी यंत्रानें 'पिंग' असें मोठ्यानें म्हणावें अशी योजना केली, आणि तारेचे सांधे एकामागून एक हालवीत तो इमारतभर हिंडला. जो सांधा हालवितांच आवाज बंद पडला, तेथें बिघाड सांपडला.

येथवरची हकीकत सरळ आहे; घोटाळा आहे तो यापुढें. मूसनें आपलें साधन युनिक्स नामक पद्धतीसाठीं लिहिलें व सर्वांस फुकट दिलें. त्या घराण्याच्या एका शाखेंतून आजचें मॅक निघालें. लिनक्सवाल्यांनीं त्याच साधनास आपल्या सोयीनें नवीं अंगें जोडलीं. आणि विंडोजनें नांव तेंच ठेवून साधन आपलें निराळें घडविलें. परिणामीं एकाच नांवाचीं तीन माणसें आज तीन घरांत नांदत आहेत: आडनांव एक, कुळाचार निराळा. विंडोजमध्यें पिंग चार हांका मारून आपण होऊन थांबतें. लिनक्स व मॅक यांत कोणी थांबवीपर्यंत हांका चालूच राहतात. (आमच्या मेहुण्यांचें मॅक यामुळें एकदां रात्रभर एका परदेशी ग्रंथालयाच्या दारांत ओरडत उभें होतें.) हांक कशी मारावी हें सांगण्यासाठीं आज्ञेपुढें एखादें इंग्रजी अक्षर लिहावयाचें असतें, आणि खरी मेख त्या अक्षरांत आहे. विंडोजला 'एन' म्हणजे हांकांची संख्या. लिनक्सला तेंच अक्षर म्हणजे 'पत्त्याचें नांव शोधूं नको, आंकडेच दाखव'. 'टी' म्हटलें कीं विंडोज अखंड हांका मारूं लागतें. लिनक्स त्याचा अर्थ चिठ्ठीचें आयुष्य असा घेतें. मॅक समजतें कीं इतक्या सेकंदांनीं काम बंद करावें. 'डब्ल्यू' पुढें १००० लिहिले तर विंडोज प्रत्येक उत्तराची एक सेकंद वाट पाहतें, पण लिनक्स सोळा मिनिटें चाळीस सेकंद सारें काम चालू ठेवतें, कारण एकाची गणना सेकंदाच्या सहस्रांशांत आणि दुसऱ्याची पुऱ्या सेकंदांत. 'एल' हें तर सर्वांत वात्रट अक्षर. विंडोजमध्यें तें चिठ्ठीचें वजन सांगतें. लिनक्स व मॅक यांत तें उत्तराची वाट न पाहतां एका दमांत किती चिठ्ठ्या फेंकाव्या तें सांगतें!

तारायंत्राच्या इतिहासांतही असा प्रकार घडलेला आहे. अमेरिकेंत मोर्सची मूळ लिपि चाले, आणि युरोपांत तिची सुधारलेली आवृत्ति; १८६५ च्या पॅरिस येथील तारपरिषदेनें ही दुसरी मान्य केली. बटण तेंच, बिंदु आणि रेघाही त्याच. पण बिंदु-रेघ-बिंदु असा ठोका अमेरिकन तारमास्तर 'एफ' म्हणून लिहून घेई आणि युरोपांतला 'आर' म्हणून. दोघांचे कान चांगले असत, दोघेही आपल्या परीनें बिनचूक लिहीत.

अक्षरांची ही गंमत गंमतच राहिली असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचें कांहीं प्रयोजन नव्हतें. पण २०२१ च्या पावसाळ्यांत एका मुलाच्या पगारावर ती कशी उतरली हें आम्हीं पाहिलें आहे. मार्च २०२० पासून शाळा-महाविद्यालयें घराघरांत शिरलीं होतीं, आणि फणसवाडींतील आमच्या बहिणीच्या दोन खोल्यांत एका वेळीं तीन यंत्रें चालत: भाचीचा विंडोजचा लॅपटॉप, अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याचा लिनक्सचा, आणि मेहुण्यांस त्यांच्या कचेरीनें दिलेलें मॅक. भाचीचा प्रबंध पुरा होऊन तोंडी परीक्षा पंधरवड्यावर आली होती. परीक्षकांचे अहवाल ज्या पानावर वाचावयाचे तें पान मात्र अर्धें उघडून थिजून बसे. इतर पुष्कळ पानें उघडत, दूरचीं माणसें पडद्यावर दिसत व बोलत. पण नेमकें हें पान आणि आणखी दोन-चार, हीं उघडत नसत. चाळीच्या त्या अंगास मोबाइलची रेघ एकाच्या वर कधीं चढत नसे, म्हणून तोही मार्ग बंद. परीक्षकांनीं काय आक्षेप घेतले आहेत हें न कळतां त्यांच्यापुढें उभें राहावयाचें, या कल्पनेनें मुलीची झोंप उडाली होती.

जाळें पुरविणारी कंपनी स्थानिक होती. तिचा दुरुस्तीचा मुलगा लालबागहून येई. वय तेवीस-चोवीस, खांद्याला तारेचें भेंडोळें आणि पिशवींत एक जुना लॅपटॉप, ज्यावर त्यानें फुकट मिळतें म्हणून लिनक्स घातलें होतें. तो दोनदां आला, गच्चीवरची पेटी पाहून गेला, सांधे बदलून गेला. पान उघडलें नाहीं. कंपनीचा नियम असा कीं, एकाच घराची तक्रार पुनः पुनः आली म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याच्या पगारांतून ठराविक रक्कम कापावी. निरनिराळ्या घरांपायीं त्याची अशी कपात दोन महिने झाली होती. तिसरी आमच्या बहिणीच्या घरापायीं होऊं घातली होती.

आतां पुराव्याचा प्रकार पाहावा. कंपनीनें ग्राहकांस एक छापील कागद दिला होता. विंडोजवरून कोणत्या पत्त्यास हांक मारून पाहावी हें त्यावर लिहिलेलें होतें. तो पत्ता कंपनीनें पूर्वीं बसविलेल्या राऊटरचा. मेहुण्यांनीं तो काढून बाजारांतून नवा आणला होता, व नव्याचा पत्ता निराळा होता. भाचीनें कागदाबरहुकूम हांक मारली. त्या पत्त्यावर कोणीच राहत नव्हतें. तेव्हां तिच्या स्वतःच्याच यंत्रानें तिला सांगितलें कीं, त्या ठिकाणीं पोंचतां येत नाहीं; आणि खालीं बेरीज मांडली ती अशी: धाडल्या ४, मिळाल्या ४, गहाळ ०, नुकसान शून्य टक्के! विंडोजच्या हिशेबीं उत्तर तें उत्तर, मग तें कोणीही देवो आणि कांहींही सांगो. कंपनीच्या कारकुनानें शेवटचा आंकडा तेवढा वाचला आणि शेरा मारला कीं, तार निर्दोष आहे, सबब दोष जोडणी करणाराचा. त्याच दुपारीं मुलानें आपल्या लिनक्सवरून त्याच पत्त्यास हांक मारली. लिनक्सनेंही अगदीं तेंच ऐकलें, पण बेरीज उलट मांडली: मिळाल्या ०, चुका ४, नुकसान शंभर टक्के. इकडे मेहुण्यांनीं आपल्या मॅकवरून थेट विद्यापीठाच्या यंत्रास हांका मारून पाहिल्या. एकीलाही ओ आली नाहीं, आणि तेही शंभर टक्क्यांचा कागद घेऊन बसले. खोली एक, दुपार एक. एका कागदावर शून्य, दोघांवर शंभर, आणि तिन्ही कागद खरे!

मुलानें शंभराचा कागद कंपनीस दाखविला, तेव्हां तिनें फर्माविलें कीं, आमच्या पद्धतीचा दाखला आण: वीस हांका, प्रत्येकी १४०० बाइट वजनाची. म्हणजे 'एन' पुढें २० आणि 'एल' पुढें १४००. लिनक्सनें ती आज्ञा आपल्या कोशाप्रमाणें वाचली आणि बजावलें कीं, एका दमांत तीनाहून अधिक चिठ्ठ्या फेंकण्याचा अधिकार साध्या वापरणाऱ्यास नाहीं. 'सर, मला परवानगीच नाही म्हणतो,' असें तो आम्हांस म्हणाला, आणि त्या शब्दांत आश्चर्य मुळींच नव्हतें. परवानगी नसणें हा त्याच्या अनुभवाचाच भाग असावा. त्याचे आजोबा परळच्या एका गिरणींत विणकर होते आणि १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरूं झालेल्या संपानंतर पुनः कामावर गेले नाहींत. गिरणींत कापडांत दोष निघाला कीं विणकराच्या मजुरींतून दंड कापीत. सूतच कच्चें होतें असें तो म्हणे, आणि तें सिद्ध करण्याचें साधन त्याच्यापाशीं नसे.

आम्ही तर्कशास्त्र शिकवितों, आणि हीं यंत्रें हा आमचा विषय नव्हे. परंतु प्रश्न यंत्रांचा कमी व प्रमाणांचा अधिक होता. एखादी वस्तु दिसत नाहीं यावरून ती नाहीं असें केव्हां म्हणतां येतें, यावर आपल्याकडे पूर्वीं बराच वाद झालेला आहे. कुमारिल भट्टाच्या अनुयायांनीं अनुपलब्धि हें सहावें प्रमाण मानलें. प्रभाकराच्या अनुयायांनीं तें झिडकारलें. नैयायिकांनीं अभावाचें ज्ञान प्रत्यक्षांतच बसविलें. पण एका अटीवर बहुतेकांचें एकमत आहे: ती वस्तु तेथें असती तर दिसलीच असती अशी परिस्थिति पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घडा दिसला नाहीं म्हणून घडा नाहीं असें कोणीही शहाणा म्हणत नाहीं. विद्यापीठाच्या यंत्रानें ओ दिली नाहीं. पण तें ओ कोणासच देत नाहीं, असें त्याच्या चालकांनीं ठरविलेलें आहे. भाचीच्या लॅपटॉपला तिच्या भावानें शेजारच्या खोलींतून हांक मारली तर तोही गप्प बसे, कारण विंडोजच्या घराला २००४ पासून एक पहारेकरी नेमलेला आहे व तो अनोळखी हांका परस्पर परतवितो. तेव्हां मेहुण्यांच्या शंभर टक्क्यांनीं कांहींच सिद्ध होत नव्हतें. आणि भाचीच्या शून्य टक्क्यांनीं? तेथें ओ होती, पण ती बोलणाऱ्याच्याच तोंडची! उत्तराच्या ओळींत उत्तर देणाऱ्याचा पत्ता स्पष्ट लिहिलेला असतो. तो कारकुनानें वाचला असता तर शेरा मारण्याचा प्रसंग आला नसता. जाणकार मनुष्य तर उत्तरांतील आयुष्याच्या आंकड्यावरूनही बोलणाऱ्याचें कूळ ओळखतो, कारण विंडोज आपल्या चिठ्ठीस १२८ पासून आयुष्य देतें आणि लिनक्स व मॅक ६४ पासून.

हें आयुष्य काय प्रकरण आहे तें सांगावयास हवें, कारण मेहुण्यांचा दुसरा पुरावा त्यावरच उभा होता. प्रत्येक चिठ्ठीवर एक आंकडा असतो. वाटेंतलें प्रत्येक ठाणें त्यांतून एक वजा करितें, आणि आंकडा शून्य झाला कीं तें ठाणें चिठ्ठी टाकून देऊन धाडणाऱ्यास तसें कळवितें. व्हॅन जेकबसन यानें १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या नियमाचा मोठा खुबीदार उपयोग केला. चर्नी रोडहून दादरास निघालेल्या प्रवाशास प्रथम एकाच स्टेशनाचें तिकीट द्यावें. ग्रँट रोडचा मास्तर त्यास उतरवील आणि तसें लिहून कळवील. मग दोन स्टेशनांचें द्यावें, म्हणजे मुंबई सेंट्रलहून पत्र येईल. असें करीत गेलें म्हणजे सारी वाट घरबसल्या उमगते. या साधनास ट्रेसरूट म्हणतात. जुन्या डॉस पद्धतींत फायलीच्या नांवास आठ अक्षरांची मर्यादा असल्यानें विंडोजच्या घरीं तें 'ट्रेसर्ट' झालें. पण नांवाहून मोठा भेद पोटांत आहे. विंडोज या कामीं पिंगच्याच जातीची चिठ्ठी धाडतें. लिनक्स व मॅक, वेगळें न सांगितल्यास, निराळ्या जातीचें पाकीट धाडतात. वाटेंतल्या एखाद्या नाक्यावर एका जातीस मज्जाव व दुसरीस मुभा असली, कीं एका यंत्रावर पुरी वाट दिसते आणि दुसऱ्यावर पांचव्या ठाण्यापुढें नुसतीं फुलें. मेहुण्यांच्या मॅकवर अशींच फुलें उमटलीं, भाचीच्या विंडोजवर वाट शेवटपर्यंत दिसली. आणि कंपनी मॅक बाळगणाऱ्या श्रीमंत लोकांचा द्वेष करिते, असा सिद्धांत त्यांनीं त्याच संध्याकाळीं मांडला. मॅकला मोठ्या 'आय' या अक्षरानें विंडोजसारखीच चिठ्ठी धाडावयास सांगतांच तीं फुलें मावळलीं.

वाट पाहण्याचा हा नाद मात्र आम्हांस त्यानंतर लागला तो लागलाच. कांचेच्या तंतूंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. तेव्हां गिरगांवांतून दादरास गेलेल्या हांकेची ओ येण्यास पांचवा हिस्सा सेकंद लागला, तर वाटेंत गर्दी तरी आहे किंवा ती समुद्रापार जाऊन आली आहे. असें होत नसे असें नाहीं. भारतांतील निरनिराळ्या कंपन्यांच्या जाळ्यांनीं आपसांतली टपाल देशांतच बदलावी म्हणून २००३ सालीं एक राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. तोंवर दोन कंपन्यांच्या ग्राहकांचीं शेजारघरचीं पत्रें पुष्कळदां अमेरिकेस जाऊन येत. ज्या मुंबईच्या बंदरांतून ग्रेट ईस्टर्न जहाजानें १८७० सालीं एडनपर्यंत तार टाकली, त्याच मुंबईंत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसाधारण लोकांस इंटरनेट खुलें केलें. आणि ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळींच्या दोन केबली तुटल्या, तेव्हां येथल्या कचेऱ्यांचें काम खोळंबलें. वर्सोव्याच्या वाळूखालून आज किती तारा आंत येतात हें त्या वाळूवर भेळ खाणाऱ्यांस सांगूनही खरें वाटत नाहीं.

पण आपण फणसवाडींत परत गेलें पाहिजे. बिघाड शेवटीं सांपडला तो तर्कानें नव्हे. तो मुलाला जिन्यांत सुचला. बहिणीच्या शेजाऱ्यांचें लोखंडी कपाट त्या दिवशीं वरच्या माळ्यावर न्यावयाचें होतें आणि तें दुसऱ्या वळणावर अडलें होतें. तें पाहून वर आल्यावर मुलगा भाच्यास म्हणाला, 'लहान सामान चढतं, कपाटच अडतं. आपल्याकडे पण तसंच होत असेल का?' आम्हांस तें वाक्य फार आवडलें. आजपर्यंत सर्वांनीं मारलेल्या हांका हलक्या होत्या. विंडोजच्या हांकेचें वजन, वेगळें न सांगितल्यास, अवघें ३२ बाइट, आणि लिनक्स-मॅकचें ५६. अशा चिठ्ठ्या कोणत्याही जिन्यानें वर जातात. खरीं पानें येतात तीं १५०० बाइटांच्या पाकिटांतून. मग दोघांनीं जड चिठ्ठ्या धाडण्यास आरंभ केला, आणि त्यांस वाटेंत कोणी तोडूं नये अशी ताकीद दिली. ही ताकीदही तिन्ही घरीं निराळ्या शब्दांत द्यावी लागते: विंडोजला 'एफ', आणि वजनासाठीं तेंच वात्रट 'एल', लिनक्सला मोठा 'एम' व पुढें 'डू', आणि वजनासाठीं 'एस', मॅकला मोठा 'डी', आणि वजनासाठीं 'एस'. १४७२ वजनाची चिठ्ठी अडली. १४६४ ची गेली. १४६५ ची पुनः अडली. विंडोजनें एवढेंच सांगितलें कीं ही चिठ्ठी तोडावी लागेल. लिनक्सनें वाटेची रुंदीही सांगून टाकली: १४९२.

चिठ्ठीच्या वजनावर वेष्टनाचे २८ बाइट चढतात. १४७२ आणि २८ मिळून १५००. कंपनीकडे जातांना ग्राहकाची ओळख पटविणारें आणखी एक वेष्टन ८ बाइटांचें असतें, म्हणून आंत जागा उरते १४९२ ची. हें नेहमींचेंच आहे व त्यानें कोणाचें अडत नाहीं. कारण पाकीट मोठें झालें कीं अडविणारें ठाणें 'लहान करून धाड' असें मूळ धाडणाऱ्यास कळवितें. पण ही सूचना पिंगच्याच कुळांतली. आणि कित्येक ठिकाणीं, पिंगपासून उपद्रव नको म्हणून, त्या साऱ्या कुळालाच दाराबाहेर ठेवितात. विद्यापीठाच्या बाजूस असेंच झालें असावें. तेथून मोठें पाकीट निघे, कंपनीच्या दारीं अडे, 'लहान कर' ही सूचना विद्यापीठाच्या दारीं अडे, आणि भाचीचें पान अर्ध्यावर थिजे. जुना राऊटर संभाषणाच्या आरंभींच दोन्ही बाजूंस बजावून ठेवीत असे कीं पाकीट लहानच धाडावें; नव्यांत ती सोय बंद होती. भाच्यानें ती चालू केली व पाकिटांतील मजकुराची मर्यादा १४५२ ठेविली. दोन मिनिटांचें काम. अहवाल उघडले, एका परीक्षकानें सत्तावीस आक्षेप घेतले होते, आणि भाची ते वाचून रडली, पण तें निराळ्या कारणासाठीं.

मुलानें त्या रात्रीं वहींतलें एक पान फाडून त्यावर तीन रकाने आंखले आणि कोणत्या घरीं कोणतें अक्षर चालतें तें मराठींत लिहून घेतलें. खालीं आम्हीं सांगितल्यावरून त्यानें तीन प्रश्न लिहिले: हांक कोणास मारली, ओ कोणीं दिली, ओ देणें त्याला भाग होतें काय. तो कागद पुढें त्याच्या सोबतच्या मुलांनीं उतरून घेतला असें कळलें.

त्या महिन्याची कपात कंपनीनें रद्द केली. आधींच्या दोन महिन्यांचे पैसे मागण्यासाठीं आम्हीं त्याच्या वतीनें इंग्रजींत अर्ज लिहून दिला. एका मिनिटांत पोंच आली: अर्ज मिळाला, या पत्त्यावर उत्तर धाडूं नये. तीन आठवडे वाट पाहून आम्हीं दुसरा अर्ज रजिस्टर टपालानें धाडला. त्याच्या पोंचपावतीवर सही आली ती इमारतीच्या पहारेकऱ्याची. उरलेले पैसे मुलास डिसेंबरांत मिळाले. कोणत्या अर्जामुळें, हें कळलें नाहीं.